पडलेला उठल्यावर

निलोफरनं अंगणातल्या फरशीवर हॉकी स्टिक ठोकली, तसा गयास सरांनी तिचा हात धरला.

“नाय. कधी ठोकायची, शिकवलं व्हतं ना?”

“पडलेला उठल्यावर, सर.”

“मग?”

निलोफरनं प्रेरणाच्या हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं आणि तिला हुंदका आवरेना. मागच्या पोरींनी उचललेल्या स्टिक मुकाट खाली घेतल्या. मैदानात कुणी जखमी होऊन पडलं आणि पुन्हा उभं राहिलं, की दोन्ही संघांनी स्टिक ठोकायच्या, हा त्यांच्या खेळातला रिवाज. सरांनी तो पोरींच्या हाडीमाशी मुरवला होता.

फुलंब्रीतलं हे घर सरांना नवं नव्हतं. प्रेरणाच्या आईची, केसरबाईंची, मनधरणी करायला इथं किती खेटे घातले! बर्फावरची हॉकी म्हटल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. “सर, आपल्याकडं बर्फ रसवंतीवर असतो.”

खोटं काय होतं त्यात? सर स्वतः गारखेड्याच्या सिमेंटवर चाकांचे स्केट घालून गोलकीपर झाले. लडाखच्या गोठलेल्या तळ्यावर महाराष्ट्राकडून खेळले. गुडघा कामातून गेला तेव्हा कोच झाले, आणि तिकिटं काढायला, बॅगा मोजायला दुसरं कुणी पुढं येईना म्हणून मॅनेजरही. लग्नाचं राहूनच गेलं. ह्या पोरी हाच संसार, आणि त्यात प्रेरणा सगळ्यात लाडकी.

यंदा तिला लडाखला न्यायचं ठरलं होतं. सिमेंट तापायच्या आत सराव उरकावा म्हणून सरांनी सगळ्यांना पहाटे बोलवायला सुरुवात केली. प्रेरणा स्कुटीवर निघाली आणि वाटेत ट्रकनं तिला उडवलं. मयतीला सर आले, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबले. त्या माउलीला तोंड कसं दाखवावं, हे तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नव्हतं.

केसरबाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रेरणाचे वडील सांडूभाऊ हळूच म्हणाले, “तवापासून अशीच हाये. बोलत नाय, का जागची उठत नाय. घास बी बळंच भरवावा लागतो.”

सर त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघा वाकत नव्हता, तरी बसले.

“ताई, टाइम मी बदलला व्हता. मला बोला. शिव्या द्या, पण बोला.”

केसरबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. मग त्यांची नजर अंगणातल्या पोरींवर गेली. सरावातून तशाच आलेल्या, घामेजलेल्या, तोंडं सुकलेल्या. एकेकीवरून फिरत ती निलोफरवर थांबली.

“बिनचहाच्याच निघाल्या असतील,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “माझी बी तशीच पळायची. लई सांगायचे, ऐकायची नाय.”

त्यांनी भिंतीला हात लावला. सांडूभाऊ आधाराला धावले, तर त्यांना हातानंच मागं सारलं. तोल गेला, सावरला. केसरबाई उभ्या राहिल्या आणि पोरींसाठी चहा टाकायला आत निघाल्या.

निलोफर सरांकडं बघत राहिली.

सरांचे डोळे वाहत होते. बसल्या जागेवरूनच त्यांनी तिच्या हातातली स्टिक घेतली आणि फरशीवर ठोकली.