न मिटणारा चाकू

"चाकू पेटीत टाका आणि मगच बोटीवर पाय ठेवा!" वहिनी धक्क्यावर उभी राहून ओरडत होती. समोर लाकडी पेटी होती, तिच्या कडीत नवंकोरं कुलूप लटकत होतं.

खलाशी एकेक करून पुढे येत होते. गळ्यातलं नाहीतर कमरेचं म्यान काढून पेटीत टाकत होते.

"आता मासे काय दातांनी फाडायचे, वहिनी?" लंबूने विचारलं.

"दात उरलेत का तुझे?"

सगळे हसले. पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. मागच्या खेपेला बोटीवर दोघांची जुंपली होती आणि एकाने दुसऱ्याचा गाल कानापर्यंत फाडला होता. तेव्हापासून कंपनीच्या साहेबांनी नियमच काढला : कुणाच्याही अंगावर चाकू नको. सगळे पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे. चाकू गोळा करायचं काम गोदाम सांभाळणाऱ्या बाईकडे, म्हणजे वहिनीकडे.

खरं तर ते चाकू तिनेच वाटलेले होते. केशरी प्लास्टिकची मूठ, बोटाएवढं पातं, साधं म्यान. एका वेळच्या जेवणाच्या पैशात येणारी वस्तू. खारं पाणी वर्षभरात पातं खाऊन टाकी, मग जुना फेकून नवा घ्यायचा. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. दोर कापायला तोच, मासा चिरायला तोच, पाव कापायला तोच, आणि निवांत बसलं की नखं कोरायलाही तोच.

रांगेत शेवटी बुटक्या आला. बुटक्या तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेला दांडी मारून तिच्याकडून खाऊ उकळायचा. नवरा छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा याच बुटक्याने साहेबांच्या दारात दिवसच्या दिवस बसून तिला गोदामातली नोकरी मिळवून दिली. तो 'वहिनी' म्हणायचा, म्हणून सगळा धक्का तिला वहिनी म्हणायला लागला.

त्याने गळ्यातल्या म्यानाला हातही लावला नाही.

"मी नाही देणार."

"भाऊजी, सगळ्यांनी दिलेत."

"सगळे गाढव आहेत. जाळं ओढताना एक हात अडकलेलाच असतो, वहिनी. दुसऱ्या हाताला चाकू लागतो, तो तिथल्या तिथे. पेटीत ठेवून काय त्याची आरती करू?"

"मग घडीचा ठेवा खिशात. साहेबांना विचारते मी."

"घडीचा उघडायलाच दोन हात लागतात!"

मागे साहेबांचा माणूस उभा होता. खलाशीही बघत होते, घरच्या माणसाला ही सोडते का, हे. वहिनीला ते पाठीवर जाणवत होतं. गोदामातली हातमोज्यांची साधी जोडीसुद्धा तिने दिराला कधी जास्तीची दिली नव्हती, तरी मागे लोक बोलायचेच.

"द्यायचा असेल तर द्या, नाहीतर घरी जा," ती म्हणाली. आवाज हवा होता त्याहून चढला. "तुमच्यासाठी वेगळा नियम नाही."

बुटक्याने तिच्याकडे पाहिलं. म्यानाची दोरी डोक्यावरून काढली आणि पेटीत न टाकता तिच्या हातात ठेवली.

"घ्या, बाई."

तो बोटीवर चढला. तिने पेटी बंद केली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली तांडेलाला दिली.

बोट ठरल्यापेक्षा आधीच परत आली, तेव्हाच धक्क्यावरच्या बायकांना कळलं की काहीतरी झालंय. बुटक्याला झोळीत घालून उतरवलं. लंबूने नंतर वहिनीला सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता.

जाळं तळाशी खडकात अडकलं. लाटेने बोट मागे ओढली, दोर ताठ झाला आणि त्याचं वेटोळं बुटक्याच्या घोट्याभोवती आवळलं. पाय बोटीच्या कठड्यावर दाबला गेला. दोर कापला असता तर संपलं असतं. बुटक्याचे दोन्ही हात मोकळे होते. गळ्याशी हात नेऊन तो चाचपडत होता.

"तिथे काही नाही, हे विसरलाच तो," लंबू म्हणाला. "मी पेटीकडे पळालो. तांडेल खाली झोपलेला, किल्ली त्याच्या खिशात. शेवटी कुऱ्हाड घालून पेटी फोडली. तोवर..."

तोवर पायाचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला.

वहिनी दवाखान्यात रोज जायची. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. ती डबा ठेवायची, रिकामा डबा घ्यायची. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणायचा, "नाही, बाई." एवढंच. वहिनी हा शब्द त्याच्या तोंडातून जो गेला तो गेलाच.

बुटक्या घरी आला, मग अपघाताच्या चौकशीला बाहेरून अधिकारी येणार असं ठरलं. आदल्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं, खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"पेटीला कुलूप नव्हतं, एवढंच म्हणायचं. नुसती कडी होती. तुम्ही समजूतदार आहात. गोदामाला दुसरी बाई शोधायची वेळ आमच्यावर आणू नका."

घरी येऊन तिने सासूला सांगितलं. सासू तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझ्या लेकाचा पाय गेला, आणि तू मला विचारतेस खोटं बोलू का म्हणून?"

"मी खरंच सांगणार आहे, आई."

म्हातारीने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आणि चूल कशावर पेटवायची? खऱ्यावर?"

पण सकाळी ती निघाली ती मनाशी पक्कं करूनच. कुलूप मी लावलं, ओढून पाहिलं, सांगून टाकायचं. नोकरी गेली तर गेली, निदान घरात मान वर करून वावरता येईल.

कचेरीत बुटक्याला आधी आत घेतलं होतं. काखेत कुबडी घेऊन तो गेला, तिच्याकडे वळूनही न बघता. दार नीट लागलं नव्हतं. ती बाहेरच्या बाकावर बसली होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"पेटी उघडीच होती, साहेब," बुटक्या अधिकाऱ्याला सांगत होता. "नुसती कडी. माझंच पाऊल वेटोळ्यात पडलं. लक्ष नव्हतं माझं."

"तुमचे सोबती म्हणतात पेटी फोडावी लागली."

"घाबरलं की माणसाला कडीही दिसत नाही."

तिचं नाव पुकारलं तेव्हा वहिनी उठून आत गेली. आता खरं सांगावं तर दीर खोटा ठरत होता, तोही एक पाय गेलेला. अधिकाऱ्याने विचारलं. ती म्हणाली, "कडीच होती."

दोन शब्द. बाहेर साहेबांनी तिला हात जोडले.

बुटक्याला तिने पायऱ्यांवर गाठलं. तो एकेक पायरी कुबडीने चाचपत उतरत होता.

"भाऊजी, का केलंत असं? मी सांगणार होते. शपथ घेऊन सांगते, मी खरं सांगणार होते!"

"माहीत होतं. आईशी बोललात ते ऐकलं मी. म्हणून तर आधी गेलो."

"माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही," तो म्हणाला. "आईला औषध लागतं. मला आता कोण कामावर ठेवणार? घरात पगार एकच उरलाय. तो तुमचा आहे, त्याला माझा इलाज नाही."

आणि पुढची पायरी चाचपायला लागला.

पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा निघाल्या तेव्हा कंपनीचा नवा नियम आला : प्रत्येक खलाशाच्या अंगावर चाकू हवाच, नसेल त्याला बोटीवर चढू द्यायचं नाही. खोकं भरून नवे चाकू आले. या वेळी मुठी हिरव्या होत्या. वहिनी धक्क्यावर उभी राहून वाटत होती. लंबूने आपला घेतला, गळ्यात अडकवला आणि बोटीवर गेला.

त्या संध्याकाळी घरी येताना चढाच्या रस्त्यावर तिला पुढे बुटक्या दिसला. बाजार करून निघाला होता. बाजार तोच करायचा, कुणाला करू द्यायचा नाही. कुबडीच्या मुठीला पिशवी लटकवलेली. वहिनीने पावलं आवरली आणि अंतर ठेवून मागे चालायला लागली.

पिशवीचा बंद तुटला. बटाटे रस्त्यावर सांडले आणि उतारावरून घरंगळत निघाले.

तो थांबला. वळला. त्याला ती दिसली. ती वाकणार तोच त्याने मान हलवली, नको म्हणून. मग कुबडी भिंतीला टेकवली, भिंत धरत धरत खाली बसला आणि हाताला येतील तेवढे बटाटे एकेक करून मांडीवर गोळा करायला लागला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. एक बटाटा वहिनीच्या चपलेला लागून थांबला. ती हलली नाही.