गांडुळांच्या बादलीचे गाऱ्हाणे

मी एक जुनी रंगाची बादली आहे. मित्रांनो, बादलीचे कसले आलेय आत्मवृत्त, असे म्हणून नाक मुरडू नका. मला माझे दुखणे कुणाला तरी सांगायचे आहे, आणि मोठ्या माणसांकडून मला आता काही आशा उरलेली नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात पांढराशुभ्र रंग होता. एका रंगाऱ्याने तो भिंतींना फासून संपवला. मग मी त्याचे स्टूल झाले. छताचा कोपरा हाताला लागला नाही की तो मला पालथी घालायचा आणि खुशाल माझ्या डोक्यावर उभा राहायचा. एका कॉलेजचे काम संपवून जाताना तो मला जिन्याखाली विसरला. तिथे झाडू आणि मोडके बाक यांच्या संगतीत मी धूळ खात पडले.

तिथून मला उचलले ते ताईने. ताई त्याच कॉलेजात शिकत होती. ती आणि तिचा एक लांब टांगांचा मित्र शेजारच्या बालवाडीत पर्यावरणाच्या कार्यशाळा घ्यायचे. पोरांना मातीत हात घालायला लावायचे, बिया पेरायला शिकवायचे. त्या मित्राला पोरे जिराफदादा म्हणायची. ताईने माझा वाळलेला रंग खरवडला, तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने मला भोके पाडली, आत ओला कागद आणि सुकी पाने अंथरली आणि त्यावर मूठभर लाल गांडुळे सोडली. कुणीतरी हसले, तेव्हा ती म्हणाली, "हिला नावं ठेवू नका. पोरं हिच्यावर जीव टाकतील, बघा." माझ्याबद्दल इतके चांगले त्याआधी कुणी बोलले नव्हते. त्या दिवसापासून मी तिची झाले.

मला बालवाडीच्या अंगणात ठेवले, आणि पोरांनी खरोखरच जीव टाकला. ताईने त्यांना सांगितले, "हे आपले पाहुणे. एक मूठ सालं घातली की वर दोन मुठी सुकी पानं घालायची."

"आणि वास आला तर?" जिराफदादा विचारायचा.

"आणखी सुकी पानं!" पोरे घसा ताणून ओरडायची.

त्यांच्यात सगळ्यात लहान होती पिटुकली. पहिल्या दिवशी ती बालवाडीच्या बाईंच्या मागे लपली होती. पुढे गांडूळ तळहातावर घेऊन म्हणाली, "हे मला गुदगुल्या करतंय." मग काय, मधल्या सुट्टीत केळ्याचे साल घेऊन सगळ्यांच्या आधी तीच हजर.

एका मुलाचा वाढदिवस आला. पोरांनी केक खाल्ला आणि पाहुण्यांचा वाटा गुपचूप माझ्यात कोंबला, भरपूर क्रीमसकट. वरून प्यायला म्हणून दूधही ओतले. पोरांचे काय चुकले? पाहुण्यांना उपाशी ठेवून आपण केक खावा, असे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

केक आंबला आणि मला असा वास सुटला की मीच शरमले. पण बिघडले काहीच नव्हते. गांडुळे खाली एका कोपऱ्यात सरकली होती, त्यांची वळवळ मला कळत होती. केक काढायचा आणि सुकी पाने घालायची, एवढेच काम होते. मी निर्धास्त होते, कारण ताई येणार होती.

ताई आली. तिने झाकण उघडले आणि नाकाला रुमाल लावला. दुसऱ्याच दिवशी कॉलेजची मोठी मंडळी कॅमेरा घेऊन कार्यशाळा पाहायला येणार होती.

"ओतून टाक सगळं," ती म्हणाली.

"अगं, गांडुळं जिवंत आहेत," जिराफदादा म्हणाला.

"माहितीये मला. उद्या वास आला तर सगळ्यांसमोर शोभा होईल. विकतचं खत भरून टाकू. कुणाला कळतंय?"

मग जिराफदादानेच पिशवी धरली. काळ्या पिशवीला गाठ मारून ती फाटकापाशी ठेवली, आणि कचऱ्याची गाडी ती घेऊन गेली. मला फिनेलने घासले. परक्याने असे केले असते तर मी गिळून टाकले असते. पण माझा केसाने गळा कापला तो ताईने, आणि तोही सगळे माहीत असताना.

दुसऱ्या दिवशी माझे तोंड भरून कौतुक झाले. पाहुण्या साहेबांनी खत हातात घेऊन वास घेतला आणि मान डोलावली. तेवढ्यात पिटुकलीने कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिली.

"ताई, पाहुणे कुठं गेले?"

ताईचा चेहरा उतरला. पण कॅमेरा समोर होता. "झोपलेत गं," ती हसून म्हणाली. "खूप खाल्लं ना, म्हणून पार खाली जाऊन झोपलेत."

सगळे हसले. फोटो निघाला. मला ओरडून खरे सांगावेसे वाटत होते, पण बादलीला कुठली वाचा?

त्यानंतर ताई आणि जिराफदादा फिरकले नाहीत. त्यांची कार्यशाळा संपली होती. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि लहानांना काही शिकवायला जाल. तेव्हा शिकवण्यासाठी आणलेला जीव शेवटपर्यंत सांभाळा. त्यात काही चुकले तर ते लहानांसमोर कबूल करा. वास मारणारी बादली पोरांनी सहज सुधारली असती. आणि तुमच्यापैकी कुणाला ताई भेटली, तर तिला म्हणावे, एकदा येऊन पिटुकलीला खरे सांगून जा.

कारण पिटुकली अजून रोज साल घेऊन येते. खाणारे कुणी नाही, म्हणून जुन्या सालांना बुरशी धरली आहे. त्यांच्यावरच ती नवे साल ठेवते आणि पाने घालते. आज माझ्या शेजारी पोरे चेंडू खेळत गलका करत होती. ती धावत गेली, तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. ते उठतील." आणि मित्रांनो, ती सगळी पोरे खरोखरच गप्प झाली.