पंचवीस सीसीची जागा

ऐका मित्रांनो. मी एक म्हातारं इंजिन आहे, चार सिलिंडरांचं, स्पोर्ट्स कारसाठी जन्मलेलं. अंग लोखंडाचं असलं तरी ही गोष्ट सांगताना आजही छाती धडधडते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म ठरला, तोच मुळी भांडणातून. कारखान्याचे मालक भाऊजी, आणि मला कागदावर रेखाटणाऱ्या त्यांच्या वहिनी. भाऊजींना तीन लिटरचं इंजिन हवं होतं.

"वहिनी, शर्यतीची गाडी करतोय आपण, शिवणयंत्र नाही."

वहिनींनी पेन्सिलही थांबवली नाही. "तीन लिटरनं नाक जड होईल, भाऊजी. सरळ रस्त्यावर पळेल आणि वळणावर भिंतीचा मुका घेईल. शिवाय आपला गट दोन हजार सीसीच्या आतला. त्यापुढे गेलो तर थोरामोठ्यांच्या पंगतीत बसावं लागेल. तिथे आपल्याला कोण वाढतंय?"

सीसी म्हणजे काय, तेवढं सांगतो. सिलिंडरात पिस्टन खालीवर होताना जेवढी जागा झाडून काढतो, ती सीसीत, म्हणजे घन सेंटिमीटरांत मोजतात; हजार सीसींचा एक लिटर. चारही सिलिंडरांची बेरीज म्हणजे माझं पोट. पोट मोठं तर घास मोठा, घास मोठा तर जोर मोठा. पण पोटाबरोबर वजनही वाढतं, हे तुम्हांला घरच्या मंडळींकडे पाहून ठाऊक असेलच.

वहिनींनी माझं माप काढलं एकोणीसशे पंच्याहत्तर. भाऊजींनी कपाळाला हात लावला.

"दोन हजारांची मुभा असताना पंचवीस कोणासाठी सोडले? पाहुण्यांसाठी?"

"पाहुण्यांसाठीच. संकट काय कळवून येतं?"

शेवटी दोघांचंही राहिलं. आम्ही जुळे भाऊ ओतले गेलो. मी वहिनींच्या मापाचा, आणि माझा भाऊ अर्धा मिलिमीटर रुंद सिलिंडरांचा, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सीसीचा, भाऊजींचा लाडका. आम्हा दोघांना कारखान्यातले धातू कोरणारे कारागीर, टर्नरमामा, यांनी कोरलं. काम करताना ते देवाचं गाणं गुणगुणत. माझ्या कानी पडलेला पहिला आवाज तोच.

चाचणीला आधी भाऊ गेला. काय पळाला तो! भाऊजींना वाटलं, याला आणखी मोकळा श्वास मिळू दे. त्यांनी हवा गाळणारी जाळीच काढून टाकली. बारीक वाळू आत गेली, सिलिंडरांना चरे पडले. चरे काढायचे तर सिलिंडर आणखी रुंद कोरावे लागतात. कोरले की पोट वाढतं. आणि भावाला वाढायला जागाच नव्हती. तो फळीवर गेला आणि मी गाडीत आलो.

एका मोठ्या विक्रेत्यानं सांगून ठेवलं होतं, "जिंका, तुमच्या गाड्या विकायला घेतो." नाही जिंकलं तर कारखान्याला कुलूप. शर्यतीच्या आदल्या सकाळी सरावात पुढच्या गाडीच्या चाकाखालून खडी उडाली आणि माझी जाळी फाटली. वाळू आत गेली आणि दोन फेऱ्यांत मी निळा धूर ओकू लागलो.

मला उघडलं तेव्हा माझ्याही सिलिंडरांना चरे दिसले आणि भाऊजी टायरवर मटकन बसले. "संपलं. कोरलं की वाढणार, वाढलं की गटाबाहेर."

"मामा, किती कोरावं लागेल?" वहिनींनी विचारलं.

मामांनी चऱ्यावरून नख फिरवलं. "अर्ध्या मिलिमीटरात साफ होईल."

"मग तेवढंच तर ठेवलंय मी."

"पण त्या मापाचे पिस्टन एका दिवसात कुठून आणायचे?" भाऊजी म्हणाले.

मामा फळीकडे गेले आणि माझ्या भावासाठी केलेल्या जादा पिस्टनांचा कोरा खोका घेऊन आले. मित्रांनो, त्या दुपारी मामांचं गाणं मी दुसऱ्यांदा ऐकलं, आणि भावाचा श्वास माझ्या छातीत आला.

दुसऱ्या दिवशी तपासनिसानं मला मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. "एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. जाऊ द्या."

भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, पाहुणे जेवून गेले म्हणायचे."

"आता जाळीला हात लावू नका म्हणजे झालं."

गाडी चालवायला भाऊजींची लेक होती. नवे पिस्टन म्हणून पहिल्या फेऱ्या तिनं मला जपून नेलं. सगळे पुढे गेले. मग तिनं पाय दाबला. अहाहा! वळणावळणाला इतर गाड्या लवकर ब्रेक लावत होत्या, आमचं हलकं नाक मात्र सुरीसारखं आत शिरत होतं. शेवटच्या वळणावर पुढे एकच गाडी उरली होती. बाहेर पडलो तेव्हा तीही मागे होती.

कारखान्याला कुलूप लागलं नाही. पुढे माझ्या मूळ मापाची कितीतरी इंजिनं निघाली, सगळी पंचवीस सीसी राखून. मी मात्र बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून होतो, गंजाशी गप्पा मारत. एके दिवशी त्याच लेकीनं मला शोधून काढलं. ती आता तंत्रशाळेत शिकवते आणि मी तिच्या वर्गात उभा आहे. माझे पिस्टन जाम होऊ नयेत म्हणून दर शनिवारी एक विद्यार्थी मला हातानं फिरवतो.

मित्रांनो, ताकद सगळी आजच वापरू नका. थोडी जागा राखा. देव पाहुणा धाडतो, पण कधी, ते सांगत नाही. आणि शनिवारी तुमची पाळी आली की तेलाचे दोन थेंब सोडायला विसरू नका. माझ्या पोटात आता दोनच सीसी उरलेत, आणि ते मी तुमच्या भरवशावर राखून ठेवलेत.