डाव्या पायाखाली

“ही बी गेली. समदा माल दोन नंबरचा झालाय.”

भागुजीभाऊ हे स्वतःशीच पुटपुटले. पण मी त्यांच्या पायाखालीच असतो, मला सगळं ऐकू येतं. ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मित्रांनो, मी एक जुना पायडल आहे. जीपगाडीच्या क्लचचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाचे, मी एकटा डाव्या पायाचा. मला दाबलं की इंजिनाची आणि चाकांची फारकत होते, सोडलं की पुन्हा जोडी जमते. ती जोडी जमवते आतली प्लेट, भाकरीसारखी गोल. पाय पुरता उचलला तर ती घट्ट धरते. पण पाय नुसता टेकवून ठेवला, तर ती धड धरत नाही, धड सोडत नाही, घासत राहते आणि शेवटी जळते. एवढं ध्यानात ठेवा, माझी सगळी तक्रार त्यातच आहे.

भाऊंनी ही जीप घेतली ती त्र्याण्णव साली. जुन्नर ते घाटघर, दिवसातून दोन खेपा. मागे माणसं, टपावर पोती, आणि पुढच्या सीटवर भाऊंना धरून पाच जण. भाऊ निम्मे गाडीत, निम्मे बाहेर. तरीही घाट आला की ते दोन्ही चपला काढून सीटखाली सारायचे. म्हणायचे, “क्लच कुठं धरतोय ते पायाला कळलं पायजे.” घरी त्यांच्या फुलाबाई तव्याची धग तळहातानं अजमावतात ना, तसा त्यांचा तळवा माझ्यावर अलगद यायचा. माझ्या रबराच्या रेघा त्या पायानं झिजवल्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पहिली प्लेट सहा वर्षं चालली. घाटघरच्या ठकूबाई सगळ्यांना सांगायच्या की भागुजीच्या गाडीत पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसा, एक थेंब सांडणार नाही. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा याच गाडीनं तिला जुन्नरच्या दवाखान्यात पोचवलं होतं, भर श्रावणातल्या धुक्यात. तेव्हा मला कोणी शाबासकी दिली नाही. पायडलाला कोण देतो? पण मला ती पोचली.

मग दोन हजार तीन साल आलं आणि चौदा महिन्यांत तीन प्लेटा जळाल्या.

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. भाऊंचा पाय माझ्यावर पडून राहू लागला होता, एसटीत विसरलेल्या पिशवीसारखा. घाटात चपला काढणंही आता सुटलं होतं. आधी मला वाटलं, माणूस आळसावला. रागच आला. पण एकदा आपटाळ्याच्या वळणावर त्यांची चप्पल पायातून निसटली आणि पुढचे तीन मैल त्यांना पत्ताच नव्हता. दवाखान्यात शुगर निघाली होती. ती चिठ्ठी अजून स्टिअरिंगशेजारच्या खणात आहे, पुसायच्या फडक्याखाली. एकदा गाडीच्या पायरीवर बसवून फुलाबाईंनी त्यांच्या तळव्यातून बाभळीचा काटा काढला. रक्ताची धार लागली, आणि भाऊ शेजारच्याशी हिरड्याच्या भावाबद्दल बोलत होते. फुलाबाईंनी तो काटा पदराला खोचला.

पाय माझ्यावर आहे की नाही, हे भाऊंना कळतच नव्हतं. आणि बोल लागत होता कोणाला? प्लेटला!

मिस्त्री सयाजी जळकी प्लेट हातात उलटीपालटी करायचा. त्याचा जन्म गॅरेजमध्ये गेला, प्लेट कशानं जळते हे त्याला न सांगता कळत होतं. एकदा तो म्हणालाही, “भाऊ, तुमच्या पायाला...” आणि पुढे म्हणाला, “...पुढं जागाच ऱ्हात न्हाई, पाच-पाच जण बसवता.” सुट्या भागांचे दुकानदार खेमचंदशेठ म्हणायचे, हल्ली माल पहिल्यासारखा येत नाही. ठकूबाई म्हणायच्या, रस्ताच तसला. आम्हा लोखंडाला तोंड नाही. पण ज्यांना होतं त्यांनी काय दिवे लावले? भाऊंना दुखवायचं नाही म्हणून गप्प, आणि गाडी बंद पडली तर घाटघरला जायचं कसं म्हणून गप्प. एका पायापायी पंधरा माणसांचा जीव टांगणीला, त्याचं कोणाला काही नाही.

मे महिन्यात व्हायचं ते झालं. चावंडच्या चढावर गाडी गच्च भरलेली. भाऊंना वाटत होतं की पाय उचललेला आहे, आणि तो होता माझ्यावर. आत प्लेट जळल्याचा वास सुटला. इंजिन नुसतं बोंबलू लागलं आणि गाडी मागे घसरली. मागच्या बाया किंचाळल्या. उजव्या पायानं ब्रेक धरला, पोरांनी उड्या टाकून चाकाखाली दगड लावले, म्हणून निभावलं. त्या हिसक्यात डावी चप्पल निसटून माझ्याखाली येऊन पडली. शेजारी बसलेल्या ठकूबाईंनी ती पाहिली. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

ठकूबाई आणि त्यांचं हिरड्याचं पोतं तेवढं ठेवून बाकी माणसं उतरवली, आणि हलकी झालेली गाडी रडतखडत जुन्नरला आली आणि खेमचंदशेठच्या दारात उभी राहिली. तेव्हा भाऊ ते सुरुवातीचं वाक्य पुटपुटले आणि खाली उतरले.

भर दुपार. डांबर पाघळलेलं. भाऊ दुकानासमोर उभे, उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा.

शेठनी तीन खोकी काउंटरवर मांडली. एक साधी प्लेट, एक कंपनीची आणि एक हेवी. म्हणाले, “घाटाला हेवीच घ्या भाऊ. पायडल जरा जड व्हतो, पण वर्षभर बघायला नको.” गॅरेजमधून पाना घेऊन आलेल्या सयाजीनं मान डोलावली. भाऊंनी हेवी प्लेट उचलून उन्हात धरली, बोटानं वाजवून पाहिली. म्हणाले, “हीच टाका. सकाळची खेप चुकाया नको.”

जड पायडल! ज्या पायाला हलका पायडल कळत नाही, त्याच्याखाली मला जड करणार, आणि उद्या पुन्हा तोच चढ. मला ओरडावंसं वाटलं. शेठनी काउंटरवरून वाकून त्या उघड्या पायाकडे एकदा पाहिलं आणि खोकी उगाच सरळ केली. सयाजी पाना शोधू लागला. तो त्याच्या हातातच होता. ठकूबाई हिरड्याच्या पोत्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसल्या.

मित्रांनो, माझं रबर बदलू नका, मला तेल घालू नका, मला काही नको. पण एखादी वस्तू पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर ती फेकण्याआधी ती कोणाच्या हाताखाली, कोणाच्या पायाखाली आहे ते बघा. आणि दिसलं तर बोला. मी बोलू शकलो नाही.

तेवढ्यात फुलाबाई रोजच्यासारखा घरून डबा घेऊन, गाडी शोधत आल्या. डबा ठेवायला गाडीत वाकल्या तर माझ्याखाली चप्पल. त्यांनी ती उचलली. मग दुकानाकडे पाहिलं, भाऊंच्या पायाकडे पाहिलं, डांबराकडे पाहिलं. सरळ आत गेल्या आणि चप्पल काउंटरवर ठेवली, त्या तीन खोक्यांच्या शेजारी. एरवी शेठनी हे खपवून घेतलं नसतं. आज त्यांनी खोकी सरकवून तिला जागा केली.

“अहो, प्लेटला नावं ठिवू नका,” फुलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “एवढ्या तापल्या डांबरावर उघड्या पायानं उभं हाये तुमी, आन् तुमाला भाजत न्हाई. प्लेट न्हाई गेली. पाय गेलाय तुमचा.”