रशीदभाई हरले तो शुक्रवार

मित्रांनो, मस्कतच्या अझैबा भागातल्या एका खोलीत, कपाटामागे भिंतीला तोंड करून उभा केलेला मी एक जुना कॅरम आहे. माझा एक कोपरा फुगला आहे, मधल्या वर्तुळाचा रंगही उडाला आहे. तरी एसी दुरुस्त करणाऱ्या भिकाजीने मला चादरीत गुंडाळून मुंबईहून विमानाने मस्कतला आणलं, हे मी आजही ऐटीत सांगतो.

खोलीत सगळे कोकणातले. बायकापोरं गावी. शुक्रवारी सुट्टी. रशीदभाई नमाज पढून आले, जेवणं झाली, की मला पिंपावर मांडत. बोरिक पावडर भुरभुरली की काय रुबाब असायचा माझा! रत्नागिरीचे रशीदभाई खेळात कुणाची गय करत नसत. राणी त्यांच्या तावडीतून सुटली असं सहसा घडलं नाही. एकदा मात्र खोलीतला शांताराम लागोपाठ जिंकत गेला होता आणि त्याच संध्याकाळी गावी निघाला. मला वाटलं, गड्याचं नशीब फळफळलं.

सत्त्याण्णव सालचा तो शुक्रवार मी विसरणार नाही. भिकाजी अंघोळीला गेला होता. खालच्या दुकानात त्याच्या भावाचा फोन आला. रशीदभाई तो निरोप घेऊन वर आले आणि खोलीतल्या बाकीच्यांना दबक्या आवाजात म्हणाले, "भिकाजीची आई गेली. उद्या सकाळपर्यंत त्याच्यासाठी थांबतायत. मुस्तफा, गाडी काढ. अर्बाब त्याच्या गावी, रुस्ताकला आहे. यल्ला, चल लवकर, पासपोर्ट घेऊन ये. तोपर्यंत ह्याला कळता कामा नये."

अर्बाब म्हणजे मालक. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच कपाटात. ते हातात आल्याशिवाय घरी निघता येत नसे. आधी सांगितलं तर माणूस इथे नुसता भिंतीवर डोकं आपटणार. म्हणून तयारी होईपर्यंत बातमी दाबून ठेवायची, ही त्या खोलीची रीतच होती.

"आणि कॅरम मांडा," रशीदभाई म्हणाले.

मी हादरलो. ह्याची आई गेली आणि ह्यांना खेळ सुचतो? माणसं आहेत की कोण? पण मला कोण विचारतो! भिकाजी डोकं पुसत आला आणि बसला.

सगळे उगाच मोठमोठ्याने हसत होते. भिकाजी एकामागून एक सोंगट्या घेत होता.

"काय रे, आज हाताला काय लावून आलायस?" रशीदभाई म्हणाले.

"तुमचा आशीर्वाद!" भिकाजी खुशीत आला होता. "आईला फोन करून सांगतो, रशीदभाईंना हरवलं म्हणून."

कुणी हसलं नाही. माझ्या लाकडाला त्या क्षणी गार पाणी मारल्यासारखं झालं.

मग राणी अगदी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली. लहान पोरानेही घेतली असती. रशीदभाईंनी स्ट्रायकर मारला आणि तो तिच्या बाजूने निघून गेला.

भिकाजीचा चेहरा पांढरा पडला. कारण शांताराम जिंकत होता त्या दिवशी समोर बसून मुद्दाम हरणारा भिकाजीच होता. शांतारामचे वडील गेले होते. मला ते तेव्हा, भिकाजीचा चेहरा पाहून कळलं.

"रशीदभाई," तो म्हणाला, "आई की बाबा?"

"आई."

"पासपोर्ट?"

"मुस्तफा गेलाय. येईल, इन्शाल्ला."

भिकाजी रडला नाही. त्याने स्ट्रायकर उचलून रशीदभाईंच्या हातात दिला. "मग परत मारा. आणि नीट मारा."

रशीदभाईंनी राणी घेतली. त्यांच्याच डोळ्यांतलं पाणी माझ्यावर जिथे पडलं, तोच हा फुगलेला कोपरा. मुस्तफा वेळेत आला आणि भिकाजीला आईचं तोंड पाहायला मिळालं.

पण त्यानंतर त्या खोलीत कुणाला जिंकण्याचा आनंदच होईना. लागोपाठ दोन डाव जिंकला की माणूस स्ट्रायकर खाली ठेवून विचारायचा, "घरी काय झालंय?" पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, बातमी थेट येऊ लागली आणि मला कपाटामागे ढकललं.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, माझ्यावर चहाचे कप ठेवू नका. आणि घरापासून दूर असलेला कुणी समोर बसला, तर त्याला मन लावून हरवा. हरला की तो बिचारा निश्चिंत झोपतो.