नॅन्सीच्या साइटची सोय

देवळाली प्रवरात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गोरक्षला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा गावात समज आहे, आणि तो मीच पसरवलेला आहे.

फेब्रुवारीत कृपादान सर दुकानात आले. मिशनच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. त्यांची मुलगी नॅन्सी दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, एकतिसाव्या वर्षी. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर ती आपल्या वेबसाइटवर पानभर लिहायची. अशा तीनशेच्या वर नोंदी होत्या. सरांच्या बायकोची, दयामावशींची, नजर मधुमेहानं गेलेली. सर रोज संध्याकाळी त्यांना एक नोंद मोबाईलवरून वाचून दाखवत. सगळ्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरू.

साइटचं वर्षाचं भाडं भरायची वेळ आली होती. मी भरतो म्हणालो, पण सरांना नॅन्सीची साइट स्वतःच्या पायावर उभी हवी होती. पुस्तकाच्या नोंदीखाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची, तिथून कुणी पुस्तक घेतलं की साइटवाल्याला कमिशन, असं त्यांनी वाचलं होतं. कुठलं दुकान बरं, तेवढं मी बघून द्यायचं होतं.

मी मोठ्या ऐटीत वहीत दोन रकाने आखले. एक छोटं दुकान: तीन टक्के, नुसती लिंक द्यायची, साइट आपली आपल्याकडे. दुसरी मोठी कंपनी: नऊ टक्के, आणि साइट त्यांच्याकडे हलवली तर जागा कायमची फुकट. सरांचा कल छोट्या दुकानाकडे होता. मी हसलो, फुकट मिळतंय ते घ्या की, म्हणालो. कंपनीच्या अटी एकोणीस पानांच्या होत्या. रोज पन्नास फॉर्मवर 'अटी मान्य'ला टिक करणारा मी, त्या काय वाचणार! नोंदी तिकडे हलवल्या आणि जुनी साइट बंद पडू दिली. एक प्रत काढून ठेवायला दहा मिनिटं लागली असती. मी कंटाळा केला.

ईस्टरनंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी सगळ्यांना सांगितलं, नॅन्सीच्या साइटवरून एकेक पुस्तक घ्या. माणसं मायाळू. आठवडाभर माझ्याकडे रांग लागली, कारण बहुतेकांना ऑनलाइन मागवता येत नव्हतं. अख्ख्या गावाचे फॉर्म एकाच कॉम्प्युटरवरून भरायची आमची रीत. त्याच रीतीनं मी एक्केचाळीस पुस्तकं मागवली. सरांचं खातंही त्याच कॉम्प्युटरवर उघडं होतं.

नवव्या दिवशी ईमेल आला. साइटमालकानं स्वतःच्याच लिंकवरून खरेदी केली, हा गैरप्रकार आहे, खातं बंद, साइट काढून टाकली. बाराव्या पानावर तशी अट होती. कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, काढलेला मजकूर परत मिळत नाही. पुस्तकं मात्र सगळी आली.

सरांना सांगताना मी रडलो. त्यांनी कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं. दयाला कळू देऊ नकोस, एवढंच ते म्हणाले.

तीन महिने मी त्यांच्या गल्लीकडे फिरकलो नाही. मग रेशनकार्डासाठी मावशींचा अंगठा घ्यायला घरी जावं लागलं. सर दळण आणायला गेले होते. अंगठा मशिनवर ठेवूनच मावशींनी विचारलं,

"साइट गेली ना रे, गोरक्ष?"

मी मशिनची वायर सरळ करू लागलो.

"हे मोबाईल हातात धरून मनानं रचून सांगत्यात. पयल्याच दिशी कळलं मला. नॅन्सी कुठल्या पुस्तकाला इतकं चांगलं म्हनायची न्हाई."

सरांना तसं का सांगत नाही, असं मी विचारलं.

"सांगून काय करू? तेवढंच एक काम राह्यलंय त्यांना. पन रोज नवं ऐकून तिचं खरं हुतं ते पुसत चाललंय. आता तिचं कुठलं आन् यांचं कुठलं, मला कळंना झालंय."

तेवढ्यात सर आले. पिठाचा डबा कोपऱ्यात ठेवून त्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला आणि मला बसायला सांगितलं. आज नॅन्सीची चांगली नोंद आहे, म्हणाले. काळ्या स्क्रीनवर नजर ठेवून ते वाचू लागले. मावशी मान हलवत होत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही हलवली.