आवणीची गोळी

मी शकुबाईंच्या डाव्या किडनीतली एक भक्षक पेशी बोलतेय. नावाला दचकू नका. आलेला जंतू गिळायचा, मेलेल्या शेजाऱ्यांची आवराआवर करायची, एवढंच माझं काम. राखणही माझ्याकडे आणि झाडलोटही माझ्याकडेच.

शकुबाई वडिवळे गावच्या, वय पन्नास. मी त्यांच्याहून थोडी मोठीच म्हणायची, कारण त्या आईच्या पोटात होत्या तेव्हाच आम्ही इथे राहायला आलो. आम्ही एकीच्या दोन होत जातो, त्यामुळे आजी कुठे संपली आणि नात कुठे सुरू झाली ते आमचं आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून मी सगळ्यांच्या वतीने 'मी' म्हणते. बाहेरचं मला दिसत नाही, पण रक्त दिवसभर इथून येतं-जातं, आणि रक्ताच्या पोटात काही राहत नाही.

शकुबाईंचं माझं उत्तम जमतं. फक्त पाण्यावरून आमचं वाजतं. जुलैत भाताची आवणी लागली, की ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून रोपं लावते. पाऊल पाण्यात, पाठीवर पाऊस, आणि तोंडात दिवसभर घोटभर पाणी नाही. कारण प्यायलं तर जावं लागेल, आणि जायचं कुठे? चारी बाजूंनी उघडी खाचरं. त्यात गावाजवळच्या धरणाच्या रस्त्यावर गाड्या थांबवून लोक त्याच खाचरांचे फोटो काढत असतात.

आवणी सावडीने चालते. आठ बायका, आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. जिचं शेत तिने चहा द्यायचा, चहाबरोबर खारी, आणि खारीबरोबर कंबरेसाठी एक गोळी. दुकानातून साखर-पावडर आणतानाच गोळ्यांची पाकिटंही येतात. तिला सगळ्याजणी 'आवणीची गोळी' म्हणतात.

गोळीने कंबर गप्प बसते, हे खरं. पण माझ्याकडे येणारी रक्ताची वाट ती आवळते. आधीच पाणी नाही, त्यात वाट अरुंद. इतकी वर्षं मी कसंबसं निभावलं. गेल्या वर्षी मात्र सलग पंधरा दिवस, रोज दोन गोळ्या झाल्या. किडनीतल्या बारीक नळ्या सुजल्या, काही शेजारी पटापट मेले. मी घाबरले आणि हाक मारली.

हाक मारणं माझं कर्तव्यच आहे. रक्तातून तऱ्हेतऱ्हेच्या पांढऱ्या पेशी धावत आल्या. पण शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाड्या घुसतात, तशा त्या येतच राहिल्या. शत्रू कोण हे कुणी विचारेना. गोळीचा अंश लागलेली नळी दिसली की तिलाच धरून बडवायच्या. आपल्याच घरातली नळी. मी परत जा म्हणत होते, पण माझा आवाज पुरला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शकुबाईंचे पाय सुजले, लघवी कमी झाली, भाकरीचा वास नकोसा झाला. त्यांचे मालक सोपानभाऊ त्यांना तळेगावच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की किडनी झपाट्याने थकते आहे, कारण सापडलं नाही तर मशीनवर रक्त शुद्ध करावं लागेल. कसली औषधं घेता का, असं बाईंनी दोनदा विचारलं. शकुबाईंनी दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

मग एक लांब सुई आली आणि किडनीचा तुकडा काढताना माझ्या दोन शेजारणींना घेऊन गेली. त्या गेल्या त्या गेल्याच, पण जाताना साक्ष देऊन गेल्या. रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाई खाटेजवळ आल्या. किडनीत पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आहे, बहुधा एखाद्या औषधाने, असं त्या सांगत होत्या. तेवढ्यात, सुईची जागा ठणकत होती म्हणून, शकुबाईंनी कनवटीचं पाकीट काढलं आणि एक गोळी तळहातावर घेतली.

बाईंनी मनगट धरलं. "हे काय घेताय?"

"हे व्हय? हे औषध न्हाई, बाई," शकुबाई म्हणाल्या. "ही आवणीची गोळी हाय. आमी चहासंगं खातो."

डॉक्टरबाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्या खाटेच्या कडेलाच बसल्या. रागावल्या नाहीत. हीच ती, एवढंच म्हणाल्या.

गोळी थांबली. गर्दी शांत करणारं दुसरं औषध सुरू झालं आणि आलेले पाहुणे हळूहळू पांगले. मशीनची वेळ आली नाही. मागे राहिलेला पसारा मी आवरला, फाटलं तिथे रफू केलं. पण माझं रफू नेहमीच बारीक होतं असं नाही. काही ठिकाणी नळी होती तिथे आता नुसता वण आहे. तिथलं काम पुन्हा सुरू होणार नाही, आणि ते मला रोज समोर दिसतं.

यंदा पुन्हा आवणी लागली. या आवणीत वाकायचं नाही असं घरच्यांनी बजावलं होतं, तरी शकुबाई अनिताच्या शेतात गेल्याच. अनिता त्यांची शेजारीण, गोळ्या वाटण्यात पुढे. चहा झाला, पाकीट हातोहात फिरत शकुबाईंपाशी आलं. त्यांनी ते पदरात बांधून टाकलं आणि पाण्याची कळशी पुढे सरकवली.

"पानी प्या समद्या," त्या म्हणाल्या.

"आन् मंग जायचं कुटं, मावशी?" अनिताने विचारलं.

"त्या करवंदीच्या जाळीमागं. मी रस्त्याकडं तोंड करून उभी ऱ्हाते. कोन येतंय बगते."

दिवसभर त्या तशाच उभ्या होत्या, हातात काठी घेऊन. त्यांनी रोप एकही लावलं नाही. बायका एकेक करून जाऊन येत होत्या, येऊन पुन्हा पाणी पीत होत्या. फोटोसाठी थांबलेल्या एका गाडीला शकुबाईंनी काठीनेच पुढे जायला सांगितलं.

माझी तुमच्याकडे मागणी मोठी नाही. तुमच्याही आत माझ्यासारखी एखादी बसलेली आहे. तिला हाक मारायची पाळी आणू नका.

दुपारी स्वतः शकुबाईंनी कळशी उचलली आणि त्या गटागटा पाणी प्यायल्या. थोड्या वेळाने ते माझ्यापर्यंत पोहोचलं. आवणीच्या दिवसांत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्याकडे पाणी आलं.